चाचांचा हात आणि अर्धं लिंबू

आमच्या घरात न्हाणीघराचा दिवा लावायचा असेल तर आधी मला विचारावं लागतं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लोकांच्या मुली आईला विचारून बाहेर जातात. आमच्याकडे आई मुलीला विचारून आंघोळीला जाते." आई पडघ्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिची ड्युटी सकाळची, आणि माझे कागद नेमके सकाळीच सुकत असतात. सात वर्षं हे भांडण चालू आहे. बाबा त्यात पडत नाहीत. ते काल्हेरच्या गोडाऊनमधून शिफ्ट संपवून येईपर्यंत न्हाणीघर पुन्हा न्हाणीघर झालेलं असतं.

मी हाताने छायाचित्रं छापते. कॅमेरा नवा होता तेव्हा लोक ज्या रीतीने छापत, त्या रीतीने. हे काम का निवडलं, असं या अंकाच्या संपादकांनी विचारलं तेव्हा मी "कलेची आवड" असं काहीतरी उत्तर पाठवून दिलं. खरं उत्तर असं, की अंधारात कुणी आपल्याशी बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी आणि गल्ली हिंदी. त्यामुळे तिन्ही भाषांत गप्प बसायची सवय मला लहानपणीच लागली. मला असं काम हवं होतं जिथे गिऱ्हाईक मेसेजवर येतं, वस्तू कुरियरने जाते आणि मधल्या वेळात कडी लावता येते.

काम समजायला अवघड नाही. दोन रसायनं असतात, एक हिरवट, एक लालसर. दोन्ही पाण्यात विरघळवून एकत्र करायची, रुंद ब्रशने कागदावर फिरवायची आणि कागद अंधारात सुकवायचा. मग त्यावर चित्राची प्लास्टिकची निगेटिव्ह ठेवून वर काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात न्यायचं. जिथे ऊन पोहोचतं तिथे रसायनातलं लोखंड पक्कं निळं होऊन बसतं. जिथे पोहोचत नाही तिथलं सगळं साध्या पाण्याने वाहून जातं आणि कागद पांढरा राहतो. ऊन आणि नळाचं पाणी, एवढ्यावर छापखाना चालतो. भिवंडीत ऊन भरपूर आहे. नळाबद्दल मी काही बोलत नाही.

लालसर रसायनाच्या नावात 'सायनाइड' ही पाच अक्षरं आहेत. हे ते विष नव्हे, हे मी आईला पुष्कळ समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि बाटलीवर लाल पेनने कवटी काढली. इतकी वर्षं दवाखान्यात काढूनही तिची कवटी हसरी आली. ती बाटली संपली, पण आईने तेवढं लेबल कापून पुढच्या बाटलीवर चिकटवलं. अजून हसते आहे.

निळा रंग सगळ्यांना आवडतो असं नाही. लग्नाच्या पत्रिका, जुन्या माणसांचे चेहरे यांसाठी लोकांना तपकिरी हवा असतो. त्यासाठी एक गंमत करावी लागते. तयार निळं चित्र धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं. निळा रंग उडून जातो आणि मागे राहते ती फिकट पिवळी सावली, म्हणजे खरं तर लोखंडाचा गंज. मग ते कोऱ्या चहाच्या पाण्यात टाकायचं. चहातला तुरटपणा गंजाला पकडतो आणि चित्र हळूहळू तपकिरी होऊन परत येतं. हे गिऱ्हाइकासमोर कधी करू नये, हे मी एका नवरदेवाकडून शिकले. मी त्याचं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचं चित्र सोड्यात टाकलं, दोघं उडाले आणि तो ओरडला, "अहो, लग्न राहिलंय अजून!" चहातून परत आल्यावर त्याने स्वतःचा चेहरा जवळून पाहिला आणि विचारलं, "साखर नाही ना घातली? मुंग्या येतील."

ठाण्याच्या एका कॅफेवाल्याचा फोन आला होता, तुमची चित्रं फिकी पडली म्हणून. फोन मी उचलत नाही, म्हणून त्याने चिडून लांबलचक मेसेज लिहिला. मी उत्तर दिलं, खिडकीसमोरून काढा आणि पंधरा दिवस कपाटात ठेवा. हा निळा रंग कडक उन्हाने थकतो आणि अंधारात पुन्हा बराचसा भरून येतो, हे खरं आहे. त्याला मात्र वाटलं, मी त्याला कटवते आहे. पंधरा दिवसांनी त्याने फक्त हात जोडलेला एक इमोजी पाठवला. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात.

भिवंडीत हे काम करायचं तर एक अडचण असते. आमच्या बिल्डिंगच्या मागे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. लूम चालतात तेव्हा हवेत कापसाचे बारीक तंतू उडत राहतात. त्याला इथे सगळे रुई म्हणतात. ही रुई खिडकीच्या जाळीतून येते, ओल्या कागदावर बसते, आणि जिथे बसते तिथे ऊन पोहोचत नाही. निळ्यावर केसासारखी बारीक पांढरी रेघ उमटते. सुरुवातीला मी रडकुंडीला यायचे. मग मुंबईहून चित्रं विकत घेणाऱ्या एक बाई आल्या. त्या रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे फार विचारपूर्वक ठेवलंय तुम्ही." मी मान हलवली. गप्प माणसाबद्दल लोक फार चांगले गैरसमज करून घेतात. त्यांनी तीन चित्रं नेली, तिन्ही सर्वांत जास्त रुईवाली.

त्या रुईचे मालक यासीनचाचा. मागच्या कारखान्यात त्यांच्या आठ लूम होत्या आणि कारखान्याला लागूनच त्यांचं घर. मी पहिलीत टाय लावून शाळेत निघाले तेव्हापासून ते मला 'मॅडम' म्हणत. मी लाजते म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणत. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं, तरुणपणी लूममध्ये गेलेलं. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं झिजतात ती अशीच.

मी पहिल्यांदा कागदाऐवजी कापडावर छापायला गेले तेव्हा सगळा निळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. कापड गच्चीच्या दोरीवर टाकलं होतं. खालून हाक आली, "मॅडम! शाई सांडली काय?"

मी काही बोलले नाही, तर ते वर आले. कापड दोन बोटांत धरून चोळलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, "खळ काढली?"

"काय?"

"इंग्लिश शाळेत खळ शिकवत न्हाय काय गो? लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ पाजतात, तुटू नये म्हणून. नवीन कापड कडक लागतं ना, ती खळ. तुझा रंग खळीवर बसला. खळ गेली, रंग गेला. कापडाला काय ठाव न्हाय तू त्याच्याशी बोलत होतीस त्ये." मग जिना उतरताना मागे वळून म्हणाले, "आधी गरम पाण्यातून काढ दोनदा, तीनदा. कोरं कापड न धुता वापरतो तो भिवंडीचा न्हाय."

त्यानंतर मी कोणतंही कापड तीनदा धुतल्याशिवाय हातात घेतलं नाही. चाचांचं ते वाक्य मी पाठ केलं होतं. ते त्यांच्या घरातही सगळ्यांना पाठ असेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी चाचांनी लूम भंगारात काढल्या. मुलाला त्यात पडायचं नव्हतं, आणि पूर्णा गावापासून पार आमच्या गल्लीपर्यंत गोडाऊनला जागा हवी होती. एकेक लूम सुटी होऊन टेम्पोत चढत होती. शेवटची निघायच्या आदल्या दिवशी चाचा हातभर कापड घेऊन गच्चीवर आले. त्या लूमवर विणलेलं शेवटचं.

"ह्याच्यावर काय तरी छाप," ते म्हणाले. "आठवण."

मी लूमचा फोटो काढते म्हणाले. ते म्हणाले, लूमचा फोटो भंगारवाल्याने काढलाय, वजनासाठी. मी त्यांचा स्वतःचा फोटो म्हणाले. त्यांनी मान हलवली. "आमच्या घरात माणसांचे फोटो लावत न्हाय. आणि तोंडात काय बघायचं? काम हातानं केलं हाय. हात घे."

हात घेणं म्हणजे फोटो काढणं नव्हतं. मी ते कापड तीनदा धुतलं, वाळवलं, अंधारात रसायनाने भिजवलं आणि पुन्हा वाळवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गच्चीवर पाट मांडून त्यावर कापड पसरलं आणि चाचांना त्यावर उजवा हात ठेवायला सांगितलं. मधे निगेटिव्ह नाही, काच नाही. हाताखाली ऊन जाणार नाही, तेवढं पांढरं राहणार. थंडीतलं ऊन होतं, बारा मिनिटं लागणार होती.

"हलायचं नाही चाचा."

"मना सांगते हलू नको! आठ लूमांच्या मधे उभं राहणारा माणूस हलला न्हाय तर आठ्ठी बंद पडतील."

"आता बंदच आहेत," मी बोलून गेले, आणि जीभ चावली. मी एरवी बोलत नाही ती याच कारणाने.

चाचा एवढे हसले की हात हलला. म्हणून त्या हाताची कड एका बाजूला किंचित धूसर आली आहे. हसताना बाहीतून रुई झडली आणि दोनतीन तंतू मनगटाजवळ कापडावर पडले. मी फुंकर मारायला वाकले.

"राहू दे," ते म्हणाले. "शेवटची हाय ती."

पाण्यात कापड फिरवल्यावर गडद निळ्यात पांढरा हात उघडा पडला. चाचांनी वाकून बोटं मोजली. "साडेचार. बरोबर हाय."

कापड वाळल्यावर मी ते पातळ कागदात गुंडाळलं आणि बरोबर माझं कार्ड ठेवलं. प्रत्येक वस्तूबरोबर मी एक छोटं कार्ड द्यायचे. जाड कागद, सुंदर अक्षर, सगळं इंग्रजीत. धुवायची गरज नाही, सोडा किंवा साबण लावू नये, कपाटात ठेवावं. ते कार्ड लिहायला मला दोन दिवस लागले होते, आणि ते लिहिल्यापासून गिऱ्हाइकाशी बोलायची माझी शेवटची गरजही संपली होती.

चाचांनी ते उलटसुलट केलं. "काय लिहिलंय ह्यात?"

"काळजी कशी घ्यायची ते."

"मग सांग ना."

"लिहिलंय सगळं," मी म्हणाले.

"इंग्लिशमधी हाय म्हणजे भारीच असणार," असं म्हणून त्यांनी ते खिशात ठेवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. तीन वाक्यं होती. मराठीत सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

लूम गेल्या आणि माझ्या कागदांवर रुई पडायची थांबली. स्वच्छ, एकसारखी निळी चित्रं यायला लागली. मुंबईच्या बाईंनी कळवलं, तुमच्या कामातलं काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडावर चाचा गेले. झोपेतच. मी आईबरोबर त्यांच्या घरी गेले, चाचांच्या पत्नी सकीनाखालांच्या शेजारी अर्धा तास बसले आणि एक शब्द न बोलता परत आले. आई म्हणाली, "निदान हात तरी धरायचास त्यांचा." मला तेही सुचलं नव्हतं.

पावसाळा संपल्यावर एके दिवशी दुपारी मी कागद कापत बसले असताना खालांचा व्हॉइस मेसेज आला. त्या टाइप करत नाहीत, बोलतात.

"प्रज्ञा बेटा, ह्यांचं कापड कपाटातून काढलं. कुबट वास येत होता. आणि कोरं कापड, कधी धुतलेलं न्हाय, म्हणून सोड्यात भिजवून धुतलं. तर हात गेला गो. सगळा निळा गेला. रंग कच्चा व्हता वाटतं. तुझ्यावर राग न्हाय. आता पिवळा डाग राहिलाय सगळीकडं. फोटो गेला तो गेला, निदान त्यांच्या लूमचं कापड तरी साफ ठेवते. लिंबू लावून उन्हात घालते, म्हणजे डाग निघंल."

मी तो मेसेज पूर्ण ऐकला. सोड्याने निळा गेला, पण हात गेला नव्हता. तो पिवळा डाग म्हणजेच हात होता. हाताभोवतीचं सगळं लोखंड गंजाच्या रूपात अजून कापडात बसलेलं होतं, आणि त्याला तुरट काही मिळालं तर ते परत गडद होणार होतं. पण लिंबू? गंजाचा डाग लिंबाने निघतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. तो निघाला की काही उरणार नव्हतं. कापड परत छापता आलं असतं. हात कुठून आणणार होते?

मी फोन लावला. आयुष्यात मी आपणहून लावलेले फोन हाताच्या बोटांवर मोजता येतील, चाचांच्या हाताच्यासुद्धा. खालांनी उचलला नाही. हात लिंबाचे असतील. मी एप्रनवरच जिना उतरले. एप्रनवर निळे डाग, हातात कागद कापायची पट्टी. खालच्या दुकानदाराने विचारलं, कुणाला मारायला चाललीस. मी न थांबता कारखान्याच्या बोळात शिरले.

खालांच्या अंगणात खाटेवर ते कापड पसरलेलं होतं. खाला वाकलेल्या, हातात अर्धं लिंबू, आणि त्या एका कोपऱ्यापासून घासायला लागल्या होत्या.

"स्टॉप!" मी ओरडले. "डोन्ट! डोन्ट रब इट!"

खाला दचकून सरळ झाल्या. त्यांची सून शबाना आतून पळत आली. मला त्या दोघींनी इतकी वर्षं पाहिलं होतं, माझा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आग लागली काय गो?" खाला म्हणाल्या.

"लिंबू... लिंबू खाली ठेवा."

"बरं, ठेवलं. पट्टी तू पण ठेव. आता सरळ मराठीत बोल."

मग मी बोलले. पाणी आणा म्हणाले, लिंबू लागलेला कोपरा आधी धुतला, आणि धुता धुता सगळं सांगितलं. लोखंड, गंज, सोडा, हे कापड मी आधीच तीनदा धुतलं होतं ते. एवढं सलग मी कुणाशीच बोलले नव्हते. शबाना दारात उभी राहून ऐकत होती, जणू भिंत बोलायला लागली आहे.

"म्हणजे तू धुतलं व्हतंस," खाला म्हणाल्या.

"तीनदा."

"आणि बोल्ली न्हायस."

"कार्डावर लिहिलं होतं."

खाला आत गेल्या आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात घरपट्टी, गॅसचं पुस्तक, चाचांचे दवाखान्याचे कागद आणि त्यांच्यामध्ये माझं कार्ड, एकही सुरकुती न पडलेलं. "ह्ये? मना वाटलं गॅरंटी हाय. जपून ठेवली."

तीन वाक्यं होती. ती चाचांना सांगितली असती तर चाचांनी ती चारचौघांत माझी नक्कल करत खालांना सांगितली असती, आणि हे झालं नसतं.

"माझी चूक आहे, खाला."

"तुझी हायच," त्या म्हणाल्या. "परत येईल काय?"

येईल, असं म्हणायचा मोह झाला. "माहीत नाही," मी म्हणाले. "कापड मला द्या. दुसरं काही लावू नका. घडीसुद्धा घालू नका."

"काय कराचं न्हाय त्ये आज बरं सांगतेस," खाला म्हणाल्या. पण कापड त्यांनी स्वतः माझ्या दोन्ही हातांवर आडवं ठेवलं, आणि सोडताना थोडा वेळ लावला.

पुढचे दोन दिवस मी त्या कापडाला फक्त पाणी दाखवलं. सोडा पूर्ण निघेपर्यंत पुढे जाता येत नाही. दरम्यान माझ्याकडच्या जुन्या निळ्या कापडाच्या चिंध्या खालांच्याच सोड्यात उडवून त्यांच्यावर प्रयोग केले. कागदाला चालतो तो चहा कापडाला चालेना. चित्रापेक्षा कापडच जास्त रंगत होतं, सगळीकडे चिखलासारखं. कॉफीचं तेच. डाळिंबाच्या साली जरा बऱ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी आई न्हाणीघराच्या दारातून म्हणाली, "घरात माणसांना चहा शिल्लक आहे का?" आणि ओट्यावर हिरड्याच्या पावडरीची बरणी ठेवून गेली. ती रात्री पोटासाठी घेते. "फार तुरट लागतो. तुला तुरटच हवंय ना?"

हिरड्याचं पाणी करून मी चिंधी टाकली. मिनिटभरात पिवळ्या जागी जांभळट काळा रंग चढला आणि बाकीचं कापड नुसतं सायीच्या रंगाचं झालं. मी सगळी बरणी वापरली. आईचं पोट आठवडाभर बिघडलेलं होतं आणि ते तिने मला रोज कळवलं.

चाचांचं कापड हिरड्याच्या पाण्यात सोडताना मी न्हाणीघराचा मोठा दिवा लावला होता. अंधाराची आता गरज नव्हती. पहिली काही मिनिटं काही झालं नाही. पिवळी सावली, बास. मी टबच्या कडेला बसून नवरदेवाचं चित्र उडालं तेव्हा तो कसा ओरडला ते आठवत होते आणि त्याला हसल्याबद्दल मनात माफी मागत होते. मग मनगटाकडून हाताभोवती अंधार भरायला लागला. आधी राखाडी, मग जांभळट, मग तपकिरी काळा. अंगठा आला. पहिलं बोट आलं, टोक नसलेलं. हसताना हललेली धूसर कड आली. आणि मनगटाजवळ, केसाएवढे बारीक, दोनतीन पांढरे तंतू आले.

करंगळी अर्धीच आली. तिथे लिंबू पोहोचलं होतं. करंगळीच्या टोकाभोवतीचं लोखंड निघून गेल्यामुळे बोटाला तिथे कड उरली नव्हती. ते नुसतं पांढऱ्यात विरून गेलं होतं. मी पुन्हा पुन्हा हिरडा लावून पाहिला. जे नाहीच त्याला रंग चढत नाही.

कार्ड मी आता मराठीत आणि हिंदीतही छापते. पण ते कुणाच्या हातात देण्याआधी मी ते तोंडाने सांगते, आणि गिऱ्हाइकाकडून परत म्हणवून घेते. कॅफेवाल्याला मी फोन करून सांगितलं. त्याला वाटलं, माझी कुणी मोठी बहीण बोलते आहे.

कापड द्यायला गेले त्या दिवशी खालांनी खाटेवर स्वच्छ चादर घातली होती. मी कापड उलगडलं आणि त्या काही म्हणायच्या आत सगळं म्हणून टाकलं: धुवायचं नाही, सोडा नाही, साबण नाही, लिंबू नाही, कपाटात ठेवायचं, वास आला तर सावलीत वाऱ्यावर टाकायचं. मग करंगळीबद्दल सांगितलं. ती आता परत येणार नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, हेही सांगितलं.

खाला वाकल्या आणि चाचांनी मोजली होती तशीच बोटं मोजली.

"साडेचारची चार झाली," त्या म्हणाल्या. "अर्धं मशीननं खाल्लं, अर्धं माझ्या लिंबानं."

शबानाने तोंडाला ओढणी लावली. ती हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. तेवढी मी अजून बदललेली नाही. पण आईचं बोलणं आठवलं आणि मी खालांचा हात धरला. लिंबाचा तो हात खरखरीत होता. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला. त्यांना तो हवा होता. मनगटाजवळ दिसणाऱ्या त्या पांढऱ्या तंतूंवर त्यांनी बोटाने दोनदा झटकलं, दारातून आत येणाऱ्या माणसाची बाही झटकावी तसं.

"ती रुई जात नाही, खाला," मी म्हणाले. "ते छापलेलं आहे."

"आधी पन न्हाय जायची," त्या म्हणाल्या, आणि आणखी एकदा झटकलं.